दोन्ही डोंगर बघितलेला माणूस

पिरनवाडीच्या भरमाण्णांच्या घरी पाहुणा आला की त्याला पाय धुवायला पाणी मिळे, पुढ्यात गूळ-शेंगा येत, पण चहा मिळत नसे. चहा येळ्ळूरचा गड चढून-उतरून आल्यावर. हा नियम सोयऱ्यांना होता, कुलकर्ण्यांना होता आणि एकदा म्हैस बघायला आलेल्या खानापूरच्या माणसालाही लागू झाला. तो बिचारा धार काढून बघावी म्हणून आला होता. भरमाण्णांनी त्याला दोन कोस चालवून गडावर नेलं, चारी दिशा दाखवल्या आणि दिवेलागणीला परत आणलं. तो म्हैस न घेताच गेला. भरमाण्णांना त्याची काडीचीही खंत वाटली नाही. "गड तर बघून गेला न्हवं," म्हणाले.

मी तेव्हा पिरनवाडीच्या शाळेत मास्तर होतो. राहायला बेळगावच्या खडेबाजारात, रोज सायकलवरून जाऊन-येऊन. मुलांना सगळ्या जगाचा भूगोल शिकवायचो आणि स्वतः मिरजेच्या पुढे गेलो नव्हतो. भरमाण्णांचं उलट होतं. त्यांना सही करण्यापुरतं लिहिता येई, पण गावात समुद्र ओलांडलेला माणूस तो एकटाच, आणि तोही थेट स्वित्झर्लंडपर्यंत. आमच्या शाळेच्या नकाशात तो देश करंगळीच्या नखाएवढा होता. माझ्या वर्गात त्याचा धडा आला की भरमाण्णा खिडकीबाहेर उभे राहून ऐकत आणि मी चुकलो तर खाकरत. मी बऱ्याचदा चुकायचो.

झालं होतं असं. तरुणपणी ते बेळगावच्या लष्करी कँपातल्या एका मेजरसाहेबाकडे कामाला होते. पहिलं महायुद्ध संपलं आणि साहेबाच्या छातीत दोष निघाला. डॉक्टरांनी उंच डोंगरातली कोरडी हवा सांगितली. साहेब-मेमसाहेब निघाले, पण साहेबाने हट्ट धरला की भरमा बरोबर पाहिजे, दुसऱ्याच्या हातचं घशाखाली उतरत नाही. भरमाण्णा गेले. दोन हिवाळे राहिले. साहेब तिथेच वारले. मेमसाहेबांनी ह्यांना बोटीत बसवून दिलं आणि त्या विलायतेला गेल्या.

परत आलेला माणूस बर्फाच्या गोष्टी सांगेल म्हणून सगळं गाव चावडीवर जमलं होतं म्हणे. भरमाण्णा बर्फाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. ते बोलले व्यवस्थेबद्दल. तिकडे डोंगरावर जायच्या वाटेवर दगडांना रंग लावलेला असतो, त्यामुळे परका माणूस चुकत नाही. वळणावळणाला बसायला बाक असतो. झरा दिसला की त्याच्यापुढे पाटी. गावातलं शेंबडं पोरसुद्धा पाहुण्याला वाट दाखवतं आणि दाखवताना छाती पुढे काढतं. "गाईच्या गळ्यात घंटा बांधत्यात," भरमाण्णा सांगत, "आणि ती बघाय लोक आगीनगाडीनं येत्यात. आमच्याकडं गाय हाय, घंटा हाय, डोंगूर हाय. बघाय कोण न्हाय."

हे दुःख त्यांनी मनावर घेतलं. शेतातलं काम उरकलं की हा माणूस गडाच्या वाटेवर. काटे तोडले, निसरड्या जागी पायऱ्या बसवल्या, चिरे रचून बसायला कट्टे केले. कोणी काही चांगलं दाखवलं, मग तो सूर्यास्त असो की कुणाच्या परड्यातलं जास्वंद असो, त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "तिकडं ह्येला तिकीट हाय." माझ्या बायकोने एकदा त्यांना मांडे वाढले. बेळगावात पाहुण्याला मांड्यांपेक्षा मोठा मान देता येत नाही. त्यांनी घडी उलगडून उजेडात धरली, आरपार बघितली आणि गंभीरपणे तेच सांगितलं. बायको चार दिवस खुशीत होती.

वाटेवरच्या दगडांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तिकडच्यासारख्या खुणा करायच्या म्हणून त्यांनी पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकवीस दगड निवडले आणि त्यांना तेलात कालवून काव फासली. तांबडा रंग लांबून दिसतो, एवढाच त्यांचा हिशेब. आठ दिवसांनी बघतात तर पहिल्या दगडापुढे नारळ फुटलेला. महिन्याभरात सगळ्या दगडांना हळद-कुंकू लागलं. डोंगरात तांबडा दगड दिसला आणि आमच्या बायका हात न जोडता पुढे गेल्या, असं कधी झालंय? भरमाण्णा प्रत्येकीला अडवून सांगत की बाई, हा देव नव्हे, ही खूण आहे. बायका त्यांचं ऐकून घेत आणि मग दगडाच्या पाया पडून, ह्यांच्याही वतीने क्षमा मागून पुढे जात. पुढे सातव्या नंबरचा दगड नवसाला पावतो असं झालं. देसूरच्या एका बाईने त्याला चांदीचे डोळे बसवले.

महिनाभर ते घुश्शात होते. मग त्यांच्या ध्यानात आलं की बायका देवापुढची जागा झाडतात, त्यामुळे वाट आपोआप स्वच्छ राहते. शिवाय पहिल्याला नमस्कार केलेली बाई दुसऱ्याला चुकवत नाही, ती एकविसाव्यापर्यंत जातेच. "तिकडं मान्सं ठेवल्यात झाडाय," ते मला म्हणाले, "आमचं बघा, फुकटात." तेव्हापासून दरवर्षी बेंदराच्या आधी देवांना नवी काव ते स्वतः देत आणि इकडेतिकडे बघून हातही जोडत.

एवढं सगळं करून त्यांच्या मनाला समाधान नव्हतं. पाहुणे गडावर धापा टाकत उभे राहत. उत्तरेला बेळगाव, खाली भाताची खाचरं, पश्चिमेला सह्याद्रीच्या निळ्या रांगा, मधूनच देसूरकडून धूर सोडत जाणारी गाडी. पाहुणे म्हणत, छान आहे. भरमाण्णा ते मोजतच नसत. "ह्यांनी दुसरं काय बघिटल्यात?" ते म्हणत. "दोन्ही डोंगूर बघिटलेला मानूस पायजे. त्यो म्हनाला पायजे." मी एकदा म्हटलं की भरमाण्णा, असा माणूस तुमच्याशिवाय कोण आहे, तुम्हीच सांगून टाका. त्यावर ते, माझी साक्ष चालत नाही, मी घरचा माणूस, असं काहीतरी पुटपुटले. मला तो विनय वाटला. मी भाषणात दोनदा त्याचा दाखलाही दिला.

आणि ते परत आल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी तो माणूस आला. मेमसाहेबांचं पत्र. त्या मुंबईला कोणा नातेवाइकांकडे आल्या होत्या, बेळगाव एकदा डोळ्यांखालून घालून जावं म्हणून दोन दिवस कँपात उतरणार होत्या, आणि भरमा जिवंत असेल तर त्याला भेटायचं होतं. पत्र मीच वाचून दाखवलं. भरमाण्णांनी ते परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांनी माझ्या सायकलची दांडी घट्ट धरली होती. ते म्हणाले, "मास्तर, आता निकाल लागतोय."

पुढचे पंधरा दिवस गावाला चैन नव्हतं. मार्गशीर्ष होता, सुगी चालू होती, तरी माणसं खळी सोडून वाटेवर राबली. गावालाही आता चेव आला होता. गड काही नुसता भरमाण्णांचा नव्हता, आणि बाहेरची बाई येऊन काय बोलून जाते ह्याची धास्ती चावडीपासून पाणवठ्यापर्यंत होती. एकवीस देव नवे कोरे दिसू लागले. मलाही गडाचा अभिमान वाटायला लागला, हे कबूल करतो. मी खडेबाजारातला माणूस, गड माझा कसा, असं तोवर मला वाटे. त्या पंधरवड्यात मी भेटेल त्याला 'आमचा गड' म्हणू लागलो.

मेमसाहेब साठीच्या होत्या, उंच, बारीक, हातात काठी. भरमाण्णांनी सलाम केला, त्यांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. दोघेही हिंदुस्थानीत बोलत होते आणि दोघांचीही हिंदुस्थानी सारखीच तुटकी होती. चहा अर्थातच नाही. छकड्यातून पायथ्याशी गेलो आणि चढायला लागलो. मी बरोबर होतो, कारण बाई इंग्रजीत काही बोलल्या तर गडाची बाजू मांडायला सुशिक्षित माणूस हवा, असं गावाने ठरवलं होतं.

बाई प्रत्येक कट्ट्यावर बसल्या. सातव्या देवाचे चांदीचे डोळे त्यांनी वाकून बघितले आणि हा कोण म्हणून विचारलं. भरमाण्णांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि इथला मालक म्हणून सांगितलं. एरवी अखंड बोलणारा हा माणूस त्या दिवशी मुकाट चालत होता. अठराव्या दगडापाशी बाईंना धाप लागली. मला वाटलं, संपलं, इथूनच परत. भरमाण्णा पाणी आणायला वर टाक्याकडे गेले.

तेव्हा मी इंग्रजीत बाईंशी बोलायला लागलो. आमचे भरमाण्णा तुमच्या आल्प्सबद्दल किती बोलतात, तिथले बाक, तिथल्या खुणा, सगळं सगळं त्यांना कसं पाठ आहे, ते सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, की आश्चर्य आहे, कारण त्याने तो डोंगर कधी बघितलाच नाही.

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या घराच्या समोरच तो पांढरा डोंगर होता, ज्याच्यासाठी सारी दुनिया तिथे येई. भरमा पोहोचला त्याच दिवशी त्याने आपलं बेळगाव कुठल्या दिशेला पडतं ते विचारून घेतलं. ती दिशा नेमकी उलटी निघाली. साहेबांना फिरवताना तो वाटेवरचे बाक, खुणा, पाट्या सगळं बघे, पण मान वर करत नसे. दोन हिवाळे तो रोज संध्याकाळी अंगणात उभा राही, डोंगराकडे पाठ करून. समोर लाकडाच्या वखारीची भिंत होती. गावातल्या लोकांना वाटे, ह्याला राग आलाय. कोणी खांदा धरून वळवायला गेलं तर तो मान खाली घाली. त्याच्या भाषेचं माणूस तिथे एकही नव्हतं. साहेब झोपले की तो त्या भिंतीशीच हळू आवाजात बोलत असे.

तेवढ्यात भरमाण्णा तांब्या घेऊन आले, बाई पाणी प्यायल्या आणि उठल्या, आणि आम्ही वर पोहोचलो.

वारा होता. भातं कापून झालेली होती, खाचरांत मसुराची कोवळी हिरवळ आली होती. बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. उत्तरेकडे बघितलं, पश्चिमेकडे बघितलं, पुन्हा उत्तरेकडे वळल्या. भरमाण्णा चार पावलं मागे, हात बांधून, जमिनीकडे बघत. मी तटाच्या भिंतीला टेकलो होतो आणि मनात देसूरच्या बाईच्या देवाला नारळ बोललो होतो. बराच वेळ गेला.

बाई वळल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. त्या मला नव्हे, त्यांनाच म्हणाल्या, "भरमा, साहब को इधर लाना था."

भरमाण्णांनी मुंडासं सोडलं आणि पुन्हा बांधलं. बांधताना त्यांची दोनदा चूक झाली. ते "जी" एवढंच म्हणाले. इतका ताठ उभा राहिलेला माणूस मी आमच्या मुलखात त्याआधी बघितला नव्हता.

उतरताना बाई पुढे होत्या, त्यांच्या काठीचा आवाज येत होता. मी मागे राहून भरमाण्णांना हळूच विचारलं, की तिकडचा डोंगर तुम्ही बघितला का नाही. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते नुसते थांबले. "बघिटलो असतो तर आवडला असता, मास्तर," ते म्हणाले. "आवडला असता तर ह्येच्याम्होरं कुठल्या तोंडानं आलो असतो?"

मग ते झपाझप खाली गेले आणि बाईंच्या बरोबरीने चालू लागले. मला वाटलं, हात द्यायला गेले. पण ते विचारत होते. तो डोंगर कसा होता, मेमसाहेब? बाई थबकल्या, हसल्या आणि सांगायला लागल्या. पहाटे तो कसा दिसे, बर्फावर ऊन पडलं की रंग कसा बदले, चांदण्यात त्याची कडा कशी चमके. भरमाण्णा एकेक गोष्ट खोदून विचारत होते आणि मान डोलवत होते. अर्धा गड उतरेपर्यंत हे चाललं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही हेवा नव्हता. निकाल लागलेला होता, आता कौतुक करायला ते मोकळे होते.

छकड्यात बाई पुढे बसल्या. आम्ही दोघे मागून चालत होतो. मला वाटलं, भरमाण्णा आनंदात आहेत. बोलले तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता.

"दोन वरसं त्या डोंगराशेजारी ऱ्हायलो, मास्तर, आणि एकदा बी वळून बघिटलो न्हाय. त्येला काय वाटलं असंल?"