सोन्याच्या टोकांची वायर

पाडव्याला घरात गुंजभर तरी सोनं यावं, असं आई म्हणाली. भाव ऐकून मी सराफाच्या दारातूनच वळलो आणि घेऊन आलो टीव्हीची एचडीएमआय वायर. दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा! किंमत साडेचार हजार.

"साडेचार?" प्रांजल, म्हणजे बायको, किंचाळली. तिला मिक्सर हवा होता. "जुनी दोनशेची होती रे!"

"म्हणून तर चित्र दोनशेचं दिसायचं."

वायर लावली आणि काय सांगू! काळा म्हणजे कसा अगदी काळाकुट्ट. बॅट्समनच्या कपाळावरचा घाम थेंब थेंब मोजून घ्या. पंधरा दिवस मी विक्रोळीतल्या आमच्या अख्ख्या मजल्याला चहा पाजून तो घाम दाखवला. (चहा संपेपर्यंत सगळ्यांना दिसायचा.)

मग आला मेव्हणा, निलेश. घाटकोपरला टीव्ही दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला वाटतं आपल्याला टीव्हीतलं कळतं.

"भावोजी, डिजिटल आहे हे. सिग्नल पोचला तर पूर्ण चित्र, नाही पोचला तर पडदा काळा. सोनं काय करणार त्यात?"

"दोन्ही वायरी आलटून पालटून लाव. डोळे झाकून ओळखतो!" (डोळे उघडे ठेवून, म्हणायचं होतं.)

"हरलास तर आयपीएल संपेपर्यंत रिमोट माझा," प्रांजल म्हणाली. दीड महिना सासू-सुनांच्या मालिका! पण मागे हटतो कसला?

"आत्ता दिसतंय ना, हे सोन्याचं चित्र," मी म्हणालो. "बघा, गवताची पात न् पात!"

निलेश टीव्हीमागे वाकला आणि तसाच हसत उठला. "भावोजी, ही जुनीच वायर आहे. तुम्ही मारलेली टेपसुद्धा आहे."

सगळे आईकडे बघायला लागले, कारण ती कुणाकडेच बघत नव्हती.

"अरे झिला, सोन्याची वस्तू ती. अशी धुळीत लटकत ठेवतत काय? दुसऱ्याच दिवशी काढून कपाटात ठेवलंय. जुनी मीच लावलंय."

"म्हणजे पंधरा दिवस तू दोनशेचा घाम मोजलास," प्रांजल म्हणाली.

"आण ती वायर!" मी भडकलो. "आता लावून बघा, मग बोला!"

निलेशने सोन्याची वायर लावली. पडदा काळा. पुन्हा खुपसली. काळाच. काढून बघितली तर दोन्ही टोकं हळद-कुंकवाने गच्च भरलेली.

"पूजा नको काय सोन्याची?" आई म्हणाली.

प्रांजलने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि पडद्याकडे निरखून बघितलं.

"पण फरक आहे हं. काळा बघ ना, कसा अगदी काळाकुट्ट दिसतोय!"