डोमाजीची तपासणी

'तपासणीस लागलेला वेळ' या नव्या रकान्यात डोमाजीने दोन तास लिहायला सांगितले, तेव्हा धर्मपालने टाक दौतीत बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"दोन तास काय करता, काकाजी?"

"झोपतो," डोमाजी म्हणाला.

त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. अकोल्यात खुशालरावांच्या सतरंजीच्या कारखान्यात तो बावीस वर्षं तपासनीस होता आणि बावीस वर्षं त्याची पद्धत एकच होती. प्रत्येक विणकराच्या थप्पीतली एक सतरंजी उचलायची, भाकरी खाऊन झाली की सारवलेल्या जमिनीवर ती अंथरायची आणि आडवं व्हायचं. झोप लागली तर थप्पी पास. कुठे सूत बोचलं, वीण आवळली गेली, तर झोप लागायची नाही. मग थप्पी उसवायला परत. एवढ्या वर्षांत त्याने पास केलेली एकही सतरंजी गिऱ्हाइकाने परत आणली नव्हती.

आणि वऱ्हाडातली उन्हाळ्यातली दुपारही अशी की तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. माग हळूहळू मंदावतात, पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत राहतात, खाली यायला तयारच नसतात. बाहेरच्या निंबावर एखादं पाखरू अर्धंच बोलतं आणि उरलेलं विसरून जातं. अशा वेळी डोमाजी झोपलेला पाहिला की पाहणाऱ्यालाही आपण पाण्यावर पडून कुठेतरी वाहत चाललो आहोत असं वाटायचं.

पण ते सन त्रेसष्ट होतं, आणि खुशालराव त्या वर्षी मुंबईची एक गिरणी पाहून आले होते. तिथल्या साहेबाच्या खोलीत त्यांनी भिंतभर तक्ता पाहिला. आल्याबरोबर सुताराकडून तसाच करून घेतला. त्यावर खिळ्यांच्या रांगा: सूत, माग, तपासणी, पास, नापास. प्रत्येक सतरंजीचं एक कार्ड. सतरंजी पुढे सरकली की कार्डही पुढच्या खिळ्यावर. मालकाने उन्हात न जाता, खुर्चीत बसून, सूत किती, मागावर किती, तयार किती हे सगळं बघावं, अशी ती योजना होती. कार्डं लिहायला त्यांनी मॅट्रिक झालेल्या धर्मपालला ठेवलं, सहा महिन्यांच्या बोलीवर.

धर्मपालचे वडील बुधाजी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. त्या घरात टेबल-खुर्चीवर बसून काम करणारा धर्मपाल पहिलाच. शेजारीपाजारी त्याला आतापासूनच बाबू म्हणू लागले होते. पातूरच्या मैनाचं स्थळही आलं होतं, पण तिच्या वडिलांनी निरोप धाडला होता की नोकरी पक्की होऊ द्या, मग तारीख धरू. सहापैकी चार महिने संपलेही होते. खुशालरावांनी स्पष्ट सांगितलं होतं: अमरावतीच्या एका शिक्षणसंस्थेची दोनशे सतरंज्यांची मागणी आहे, ती तक्त्याच्या जोरावर वेळेत गेली तर धर्मपाल पक्का, नाही तर तक्ता आणि धर्मपाल दोघंही खाली उतरतील.

म्हणून धर्मपालने कार्डात काही खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. त्याने 'दोन तास' लिहिलं आणि शेऱ्यात 'झोप लागली' असंही लिहिलं.

नव्या रकान्यामुळे आता थप्पीतली एक पाहून भागण्यासारखं नव्हतं. कार्ड दर सतरंजीचं, म्हणून तपासणीही दर सतरंजीची. डोमाजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत झोपला तरी दिवसाला चार व्हायच्या. आठ दिवसांत तपासणीच्या खिळ्यावर कार्डांचा एवढा गठ्ठा झाला की खिळा वाकला.

खुशालरावांनी खुर्चीतून तो पाहिला आणि त्यांना फार आनंद झाला. तक्ता याचसाठी तर आणला होता. कारखान्याचं पाणी कुठे तुंबलंय ते आता दिसत होतं. ते फक्त आकडे वाचत; शेरे वाचायला मोठ्या गिरणीतल्या साहेबालाही वेळ नसतो, हे त्यांनी मुंबईतच पाहिलं होतं. त्यांनी आणखी दोन तपासनीस नेमायचा हुकूम दिला. पुंजाराम आणि आणखी एक विणकर माग सोडून तपासणीला आले. त्यांनी विचारलं, काय करायचं? डोमाजीने दाखवलं. दोघं मुकाट्याने आडवे झाले.

तरी खिळा हलका होईना, तेव्हा तपासनीस पाच झाले, मग नऊ. पंधरा मागांपैकी सातच चालू राहिले. धर्मपालला हे दिसत होतं. दोनदा तो मालकांच्या दारापर्यंत गेला, पण मालक तक्त्याकडे इतक्या कौतुकाने बघत होते की तो दारातूनच फिरला. टेबलाशी येऊन त्याने पुढचं कार्ड घेतलं.

त्यात नवीनच घोटाळा निघाला. दुपारी अंथरलेल्या सगळ्या सतरंज्या पास व्हायच्या आणि सकाळी अंथरलेल्या सगळ्या नापास.

"काकाजी, एकाच मागावरचा माल हा. काहून असं होते?"

डोमाजी जरा रागातच होता. आठ विणकरांनी चालवलेली आपली कला त्याला बघवत नव्हती. "सकाळी आठाले कोणाले झोप येते बापा?" तो म्हणाला. "झोप नाही आली त नापास. इमानदारीचं काम हाय."

आधी नापास माल लगेच उसवला जायचा. आता नव्या नियमाने प्रत्येक नापास कार्डावर मालकांची सही हवी होती, आणि मालक सगळ्या सह्या एकदमच करणार होते. अमरावतीहून संस्थेचे निरीक्षक भगवंतराव माल बघायला आले त्या दिवशी तक्त्यावर पास होत्या चौऱ्याहत्तर, आणि नापास दोनशे नऊ.

भगवंतराव आले ते नेमके दीड वाजता. खुशालराव त्यांना मोठ्या ऐटीत तपासणीच्या खोलीत घेऊन गेले. ते स्वतः तिथे महिनाभर फिरकले नव्हते. आत ओळीने नऊ माणसं झोपली होती. पुंजाराम मंद घोरत होता.

"हे काय चाललंय?" भगवंतरावांनी विचारलं.

खुशालरावांनी धर्मपालकडे पाहिलं. मैनाच्या वडिलांचा निरोप धर्मपालच्या कानात घुमला. पण कार्डात लिहिलेलंच तोंडाने सांगणं त्याला भाग होतं. "तपासणी सुरू आहे, साहेब," तो म्हणाला, आणि त्याने पद्धत सांगितली.

भगवंतराव हसले नाहीत. त्यांनी पास थप्पीतली एक सतरंजी मागवली, चपला काढल्या आणि बसून पाहिलं. मग कलंडून पाहिलं. सव्वातीनला त्यांना जाग आली तेव्हा खुशालराव डोक्याशी पंख्याने वारा घालत होते.

"माल अव्वल आहे," भगवंतराव टोपी नीट करत म्हणाले. "म्हणूनच घेता येत नाही. शाळेत अंथरायच्या आहेत या. पोरं ऐकतील का झोपतील? मास्तरांचाही भरवसा नाही. ज्याच्यावर झोप येत नाही असा माल असला तर बोला."

खुशालरावांचा हात थांबला. असा माल कोणी मुद्दाम करून ठेवत असेल ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच शिरेना. धर्मपाल मात्र तक्त्याकडे बघत होता.

"दोनशे नऊ आहेत, साहेब," तो म्हणाला. "आजच नेता येतील. प्रत्येकीवर माणूस झोपवून पाहिला आहे. नाही झोपला."

नापास थप्पीतली एक आणली. तोवर चहा आला होता, ऊनही कललं होतं. भगवंतराव तिच्यावर वीस मिनिटं टक्क जागे बसले आणि त्यांनी दोनशे वेचून पसंत केल्या, उरलेल्या नऊ नको म्हणाले. कार्डावरची नोंद त्यांना फारच आवडली. असा हिशेबी कारखाना आपण पाहिला नाही असं ते म्हणाले. खुशालराव धर्मपालच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पहिल्या तारखेपासून तू पक्का."

ट्रक दाराशी लागला. भगवंतराव एकेक सतरंजी मोजून चढवून घेत होते. एकशे नव्याण्णव झाल्या आणि शेवटची सापडेना. शोधत सगळे आत आले, तर थप्पीच्या जागी तीच अंथरलेली होती आणि तिच्यावर धर्मपाल, कानावर टाक तसाच ठेवून, गाढ झोपला होता.

भगवंतरावांच्या कपाळावर आठी चढली. ट्रकातल्या सगळ्या मालाचाच आता त्यांना संशय येऊ लागला. खुशालराव धर्मपालला हलवायला वाकले, तेवढ्यात डोमाजी मध्ये आला.

"राहू द्या मालक, उठवू नका त्याले," तो हळूच म्हणाला. मग भगवंतरावांकडे वळला. "साहेब, सतरंजीत काही कसूर नाही. सहा महिने झाले, या पोराच्या डोळ्याले डोळा नाही. आज नोकरी पक्की झाली त्याची. आज याले गोट्यायवर टाका, तरी झोपन."

भगवंतरावांनी वाकून धर्मपालचा चेहरा पाहिला. मग त्यांनी पावतीवर एकशे नव्याण्णव लिहिलं, एक मागाहून पाठवा म्हणाले आणि चपला वाजू न देता बाहेर गेले.