दामूअण्णांचे बिचारे गेम

दामूअण्णांच्या दुकानात जाऊन कोणी मारामारीचा गेम मागितला, तर तो लगेच मिळत नसे. आधी अण्णा कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे, गिऱ्हाइकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "मारामारी मिळंल. पण पयली पाच मिनटं या बिचाऱ्याकडं बस. त्याचे पैसे नाय लावत."

बिचारा म्हणजे माणूस नव्हे. अख्ख्या शहापुरात ज्याला कोणी हात लावत नव्हतं, असा गेम म्हणजे बिचारा.

"नको ना अण्णा, बोर हाय तो."

"खेळलास कधी?"

"नाय."

"मग? स्थळ नाकारायचं तर निदान पोहे खाऊन नाकार."

अण्णांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, पण बोलणं सगळं सोयरिकीचं. एका गेमचं संगीत कानठळ्या बसवणारं होतं. त्याच्याबद्दल म्हणायचे, "आवाज मोठा हाय, पण मनात काय नाय." दुसरा एक फार हळू चालायचा. "घरंदाज हाय," अण्णा सांगत.

मी सुमन. शहापूरच्या बाजारपेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं आणि शेजारचा गाळा अण्णांचा. मध्ये प्लायवूडची एक फळी. तिला भिंत म्हणायची पद्धत होती, एवढंच. अण्णा शिंकले की माझ्या मशीनचा दोरा तुटायचा. ते मूळचे मुरबाडकडचे. रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती करायचे. नव्वदनंतर घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले आणि लोक जुने टीव्ही दुरुस्तीला टाकून न्यायलाच येईनात. दुरुस्त झालेले टीव्ही नुसते बसून राहिलेले अण्णांना बघवेना. त्यांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी टीव्ही गेमची मशीन आणली. दुकान असं सुरू झालं.

चार टीव्ही होते. तीन ब्लॅक अँड व्हाईट आणि एक रंगीत. कोणताही शहाणा माणूस रंगीत टीव्हीवर मारामारीचा गेम लावील. अण्णांनी त्यावर बिचारे लावले. मारामारी ब्लॅक अँड व्हाईटवर. त्यात दोन्ही पैलवान सारखेच दिसायचे. कोण कोणाला मारतंय ते पैलवान पडेपर्यंत कळायचं नाही, आणि पडल्यावर तर मुलांची खरी मारामारी व्हायची.

त्या काळी गेमच्या कॅसेटवर एकेक आकडे छापलेले असत. अण्णांनी मुंबईहून एक कॅसेट आणली, तिच्यावर लिहिलेलं, नऊ लाख नव्याण्णव हजार गेम. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. अण्णा मोजायला बसले. रोज सकाळी पूजा झाली की एक वही, एक पेन्सिल आणि कॅसेट. पावसाळाभर हे चाललं. गणपतीच्या सुमारास ते माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"सुमन, सतराच निघाले गो."

"काय सतरा?"

"गेम. बाकी सगळे तेच. नुसती टोपी बदललीय."

ते मुंबईला जाऊन त्या दुकानदाराला भेटून आले. दुकानदार भांडला नाही. तो म्हणे उभाच राहिला आणि त्याने आतून भावाला हाक मारली, "अरे ये, बघ, यांनी मोजले." दोघांनी अण्णांना चहा पाजून परत पाठवलं.

पण त्या मोजणीत अण्णांना यादीच्या तळाशी पडलेले गेम सापडले. इतक्या खाली कोणी जातच नसे. त्यात एक होडीचा गेम होता. अक्षरं कुठल्यातरी परदेशी लिपीतली, म्हणून अण्णांनी त्याचं बारसं केलं, नावाडी. एक नदी, एक होडी. या काठावरची माणसं, शेळ्या, कोंबड्या त्या काठावर न्यायच्या. मध्ये खडक आणि भोवरे, प्रत्येक पायरीला आधीपेक्षा जास्त. होडी उलटली तर कोणी मरत नाही. भिजून, पोहत परत काठावर येतात आणि अंग झटकून पुन्हा रांगेत उभे राहतात. बंदूक नाही, राक्षस नाही. मुलं दोन मिनिटांत जांभया द्यायची.

"त्या शेळीचं तोंड बघ," अण्णा म्हणायचे. "भिजल्यावर कशी रागानं बघते! ज्यानं ही शेळी काढली, त्याला घरी शेळी असणार. एवढी मेहनत केली बिचाऱ्यानं, आणि बघायला कोण नाय!"

एका थंडीत त्यांनी ठरवलं की नावाड्याला मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेत न्यायचं. एवढी माणसं येतात, बैलबाजार भरतो, दहा जण तरी कदर करतील. मी आणि माझा नवरा जत्रेला जाणारच होतो, तर टीव्ही आमच्या मांडीवर. पाळणेवाल्याच्या जनरेटरमधून वायर ओढली, घोंगड्यांच्या दुकानाशेजारी बांबू रोवून कापड बांधलं, आणि अण्णांनी स्वतःच्या अक्षरात बोर्ड लावला: 'येथे कोणी मरत नाही. एकदा अनुभव घ्या.'

अर्ध्या तासात रांग लागली. अण्णा हरखून गेले. "बघ सुमन, माणसांना चांगलं पायजेच असतंय."

रांगेतली पहिली बाई पदरात खोकणारं मूल घेऊन आली होती. तिच्यामागच्या म्हाताऱ्याचा गुडघा सुजलेला. तिसऱ्या शेतकऱ्याने तर लंगडणारा बैलच आणला होता. बाई अण्णांच्या पाया पडायला वाकली तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. माझा नवरा पोट धरून घोंगड्यांवर आडवा झाला. अण्णांनी मात्र घाईघाईने बोर्ड उलटा केला, त्या बाईला जत्रेतल्या सरकारी दवाखान्याच्या तंबूपर्यंत स्वतः सोडून आले आणि परत येऊन म्हाताऱ्याला स्टुलावर बसवलं.

बैलवाला जाईना. "आता एवढं उभं राह्यलो, तर दाखवा काय दाखवायचं ते."

अण्णांनी त्याच्या हातात रिमोट दिला. त्याने बैल आमच्या बांबूला बांधला आणि खेळायला बसला. दोन शेळ्या बुडवल्यावर म्हणाला, "ह्या नावाड्याला वल्हं मारता येत नाय. आन पाण्याला ओढ दिसत नाय. नदी हाय का तळं?"

"ओढ हाय. डावीकडं जाऊन बघा."

"आरं हां! हाय की."

त्याने तासभर रिमोट सोडला नाही. शेवटी बैल कंटाळला आणि बांबू घेऊन निघाला. बांबूसोबत कापड, कापडासोबत वायर. टीव्ही मी पोटाशी धरला म्हणून वाचला. घरी येताना अण्णा सगळ्या वाटेवर एकच वाक्य बोलत होते. "त्याला ओढ दिसली. ऐकलंस ना? ओढ दिसली त्याला."

पुढे दोन हजार सालानंतर समोरच्या गल्लीत सायबर कॅफे निघाला. पाच कॉम्प्युटर, थंड हवा, काळ्या काचा. महिन्याभरात अण्णांच्या बाकड्यांवर धूळ दिसायला लागली. मला वाटलं, अण्णा चिडतील. तर हे एक दिवस स्वच्छ शर्ट घालून त्या कॅफेत गेले आणि मालकाला म्हणाले, "तुमच्याकडं कोण खेळत नाय असा एखादा दाखवा." मालकाला वाटलं, म्हातारा चौकशीला आलेला सरकारी माणूस आहे. त्याने घाबरून सगळे कॉम्प्युटर बंद केले.

म्हातारा कसला, पंचेचाळिशीही उलटली नव्हती अण्णांची. 'अण्णा' या हाकेने माणूस लवकर पिकतो.

त्याच सुमाराला माझी नणंद कुसुम माहेरी परत आली. नवऱ्याने कल्याणला दुसरा संसार थाटला होता. काडीमोडाचे कागद झाले, ती मोकळी झाली, पण घरात कोणाशी बोलेना. बत्तीस वर्षांची बाई, बारावी शिकलेली. दिवसभर माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून ब्लाऊजना हुक लावायची. येणारी प्रत्येक बाई हळहळायची, "किती वाईट झालं गो!" की कुसुमची मान आणखी खाली.

अण्णांनी कधी काही विचारलं नाही. एका दुपारी ते दारात आले आणि जसं शाळेतल्या मुलांना म्हणायचे तसंच तिला म्हणाले, "पाच मिनटं नावाड्याकडं बस. पोरं येत नायत, तो नुसता बसून हाय."

मला वाटलं, ही उठणार नाही. पण उठली. मी कात्री चालवत होते. थोड्या वेळाने फळीपलीकडून हसू ऐकू आलं. शेळी पाण्यात पडली असणार. चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिचं हसू ऐकत होते. कात्री थांबली माझी.

मग ती रोज दुपारी जायला लागली. अण्णा मागे दुरुस्तीच्या टेबलाशी, ती पुढे टीव्हीसमोर. दार सताड उघडं. तरी बाजार तो बाजार. समोरच्या पानवाल्याने एकदा चारचौघांत पिंक टाकून म्हटलं, "अण्णांना आता खरीच बिचारी गावली!"

अण्णा हातातली सोल्डरिंगची तापलेली सळई तशीच घेऊन रस्त्यावर उतरले. पंधरा वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "ती बिचारी नाय!" ते ओरडले. "ती सातव्या पायरीवर पोचलीय. मी इतकी वर्सं खेळून पाचवीच्या पुढं गेलो नाय. समजलं?"

पानवाल्याला काहीच समजलं नाही, पण सळई गरम होती. तो मान खाली घालून पान लावायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी रंगीत टीव्ही, मशीन आणि स्टूल उचलून माझ्या दुकानात आणून मांडलं. "इथं खेळू दे तिला. तुझ्यासमोर. कोणाला काय बोलायला नको." आणि स्वतः पलीकडे जाऊन बसले. त्यानंतर ते या बाजूला फिरकले नाहीत. पण त्यांना फळीतून सगळं ऐकू यायचं. नुसत्या आवाजावरून होडी कुठे आहे ते त्यांना कळायचं. मी ब्लाऊजच्या बाह्या लावत असायचे आणि पलीकडून हाक यायची, "कुसुम, कोंबड्यांना मधी बसव गो!" लाईट गेली की पहिला प्रश्न, "काठाला लागली होतीस ना?"

"लागले होते, अण्णा."

"मग काय भ्या नाय."

वर्षभर हा संसार असाच फळीतून चालला. मी संसार म्हणते, ते दोघं गेम म्हणायचे. कुसुम हळूहळू गिऱ्हाइकांशी बोलायला लागली, एका बाईशी तर चक्क भांडली. आणि मग डोळखांबकडच्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहावर तिला नोकरी लागली. राहायला खोली मिळणार होती.

त्या दिवशी मी धीर करून अण्णांकडे गेले. "अण्णा, स्पष्ट विचारते. कुसुमसाठी तुमचं नाव घरात काढू का? कोण नाय म्हणणार नाय."

अण्णा रेडिओचा स्क्रू पिळत राहिले. तो केव्हाच घट्ट झाला होता.

"आत्ता नको," ते म्हणाले. "आत्ता कुठं ती स्वतःच्या पायानं निघालीय. लगेच कोण मधी आला, मग तो मी का असंना, तर ती पुन्हा कोणाच्या तरी घरातली होणार. जाऊ दे तिला. स्वतःच्या खोलीला कुलूप लावू दे."

"आणि तुमी?"

"माझं काय? माझं दुकान हाय."

ती निघाली त्या दिवशी अण्णांनी भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलं. जीपच्या टपावर तिची ट्रंक, आणि ट्रंकेवर हात ठेवून हे बसलेले. मांडीवर त्यांनी दुरुस्त केलेला जुना टेबलफॅन. संध्याकाळी परत आले. मी विचारलं, कसं आहे तिथे? अर्धा तास ते वायरिंगबद्दल बोलले. बटण उजव्या हाताला आहे, पंखा खिडकीत ठेवला, डोंगराचा वारा चांगला, पण धूळ. कुसुमबद्दल एक अक्षर नाही.

तीन आठवड्यांनी तिचं पत्र आलं. माझ्या नावावर होतं, पण शेवटची ओळ अण्णांसाठी होती. मी ती त्यांना वाचून दाखवली: "अण्णांना सांगा, पंखा आवाज करतोय. सवड असेल तर बघून जावं."

अण्णांनी पत्र हातात घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"बेअरिंग असणार," ते म्हणाले.

"असेल."

"मी नवीन टाकलं होतं गो. ते एवढ्यात जायला नाय पायजे."

"नाय पायजे," मी म्हटलं, "पण गेलं असेल."

ते निघून गेले. पाच मिनिटांनी पुन्हा दारात उभे. "सुमन, एक शर्ट शिवशील?"

"मी ब्लाऊज शिवते, अण्णा."

"मग? शर्टाला पण हात दोनच असतात."

मी टेप काढली. अण्णा दुकानाच्या मधोमध उभे राहिले, हात अंगाला चिकटवून. मी त्यांच्या खांद्यावर टेपचं टोक ठेवलं तर ते दचकलेच. छातीचं माप घ्यायला टेप पाठीमागून फिरवली आणि लक्षात आलं, त्यांनी श्वास रोखून धरलाय. डोळेसुद्धा मिटलेत. इतकी वर्षं हा माणूस तयार शर्ट आणत होता. एवढ्या जवळ उभं राहून त्याच्या अंगाला कोणी हात लावून किती काळ झाला असेल, कोण जाणे. मी घाई केली नाही. दोन्ही खांदे पुन्हा मोजले, गरज नसताना.

"श्वास सोडा अण्णा," मी म्हटलं. "नाहीतर शर्ट ढगळ होईल."

त्यांनी सावकाश श्वास सोडला. टेप माझ्या बोटांत चांगली दोन इंच सैल पडली.