चौकटीतल्या दोन ओळी

माणिककाका माझ्या पायावर पाय देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, पाय पडला. वस्तुस्थिती हाय. पुढं बोला."

"सॉरी नाही म्हणायचं का?"

"न्हाई. केस चालू हाय."

मी नांदेडला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, त्या दिवशीची ही गोष्ट. मी कामांच्या याद्या करून जगणारी बाई. 'शेजाऱ्यांशी ओळख' यावर मी बरोबरची खूण केली आणि पायाला बाम लावला.

काका 'ठणठणीत' नावाच्या साप्ताहिकाचे संपादक, वार्ताहर आणि गठ्ठे वाहणारेही. बिलोलीकडच्या एका गावात पाण्याचा टँकर रोज जातो असं कागदावर होतं. गावात त्याचं चाकसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. काकांनी ते छापलं. टँकरचा ठेका घेतलेल्या गुत्तेदारानं अब्रुनुकसानीची फौजदारी केस ठोकली आणि मग निरोप धाडला: पहिल्या पानावर चौकटीत दोन ओळी माफी छापा, केस मागं घेतो.

"बातमी खरी हाय, लोकाच्या भल्याची हाय," काका म्हणाले. "खऱ्याची माफी मागितली तर खोट्याला काय शिल्लक ठेवायचं?"

वकिलांनी बजावलं, माफीचा शब्द कुठं काढू नका. त्यांना म्हणायचं होतं, बातमीबद्दल. काकांनी तो हुकूम सगळ्या आयुष्याला लावला. माझ्याकडं त्यांच्या हातून कप उपडा झाला, तर म्हणाले, "चहा सांडला. पुरावा फरशीवर हाय."

लोक घरातल्या लग्नांच्या गोष्टी सांगतात तशा काका खटल्यांच्या सांगत. मुंबईच्या साप्ताहिकाला मद्रास सरकारनं बंदी घातली आणि सुप्रीम कोर्टानं ती उडवली, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सोसायटीच्या बैठकीत चेअरमन म्हणाले, "काका, थोडक्यात आटपा." काका उठलेच. "पेपरनं पानं किती काढायची हे सरकारला ठरवू दिलं न्हाई कोर्टानं. तुम्ही कोण हो?" त्या दिवशी पार्किंगचा विषय राहूनच गेला.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, ते काकांच्या लेकीच्या साखरपुड्यापर्यंत. साखरपुडा लातूरला, आणि नेमकी त्याच दिवशी कोर्टाची तारीख. वकील म्हणाले, गैरहजेरीचा अर्ज देऊ. काका म्हणाले, "गुत्तेदाराला वाटंल, पळाला." ते कोर्टात बसून राहिले. समोरचा वकील आला नाही, पुढची तारीख पडली. लातूरला शकुंतलाकाकू व्याह्यांसमोर एकट्या उभ्या होत्या.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, "एकदा चुकलं म्हणा."

"आलो न्हाई, ही वस्तुस्थिती हाय."

"कोर्टात काय बोलायचं ते बोला. मी काय गुत्तेदार हाय का?"

काकू पिशवी भरून लातूरला बहिणीकडं गेल्या त्या गेल्याच. फोन नाही. काका मात्र दर शनिवारी काकूंसाठीचा अंक स्वतः लातूरच्या एसटीत नेऊन द्यायचे आणि बस सुटेपर्यंत फलाटावर उभे राहायचे.

मग एका शनिवारी गावभर झालं, 'ठणठणीत'नं माफी छापली! पहिल्या पानावर, चौकटीत. गुत्तेदाराच्या माणसांनी बसस्टँडवरचे सगळे अंक उचलले, 'माफी' एवढा मथळा बघून पेढे वाटले आणि त्यानंतर खालचं वाचलं:

"लेकीच्या साखरपुड्याला मी गेलो नाही, चूक माझी. शकुंतलाबाईंची माफी मागतो. – संपादक."

चौकटीच्या खाली, जाड अक्षरांत: "टँकरची बातमी खरी आहे."

मी धावत खाली गेले. "काका, वकिलांनी काय सांगितलं होतं? कोर्टात दाखवतील हे!"

"दाखवू द्या की. जजसाहेबाला बी कळू द्या, मला माफी मागता येते. चूक असली तर."

दुसऱ्या दिवशी लातूरच्या बसनं काकू आल्या. पिशवी मीच आत नेऊन ठेवली. काका खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थांबले. काकूंनी घडी घातलेला अंक टेबलावर टाकला.

"सगळ्या गावाला कशाला सांगत बसलात? मला एकटीला म्हणला असतात तर झालं नसतं का?"

काका खाली बघत म्हणाले, "तोंडानं जमंना. छापायचं तेवढं जमतं."

 काकू आत गेल्या, डबे उघडून बघितले, एक-दोनदा आपटले.

"आता तारीख कधी हाय?" आतूनच आवाज आला.

"सोमवारी."

"दोघांचा डबा करते. मी बी येणार हाय. बघू दे तरी तो गुत्तेदार कसा दिसतो."