सहाशे मीटरवरचा नवरदेव

मी कुठलीही वस्तू घाईने घेत नाही. अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे कुकर घेतानासुद्धा दुकानदाराला शिटीचं वजन विचारते. कॅमेरा घेण्यापूर्वी तर मी चार महिने वाचन केलं, चौदा कॅमेऱ्यांचा तक्ता आखला आणि निष्कर्ष काढला : भिंगं बदलायची कटकट नको. हाताजवळचं फूल आणि आभाळातली घार एकाच डब्यात टिपणारा, पन्नासपट झूमचा कॅमेराच सर्वांत शहाणा! त्याचा सेन्सर नखाएवढा असतो आणि कमी उजेडात फोटो रवाळ येतात, हे मला ठाऊक होतं. पण मी कमी उजेडात जाते कशाला!

"मोबाईलमंदी कॅमेरा नाई का?" आमच्या ह्यांनी, म्हणजे श्यामरावांनी, विचारलं.

"मोबाईलमध्ये दूरचं नुसतं मोठं होतं, स्पष्ट होत नाही."

"पन दूरचं स्पष्ट पाहून तुले करायचं काय हाय?"

याचं उत्तर आठ दिवसांनी अकोल्याच्या एसटीने स्वतःच घरी आलं.

उत्तर म्हणजे माझी थोरली जाऊ, शकुनताई. त्यांच्या आचलचं लग्न ठरत होतं. आचलने आजवर सात मुलं नाकारली होती, त्यांतला एक तर केवळ बशीतून फुरका मारला म्हणून! आठवा जीवन. परतवाड्याजवळच्या गावातला, शेतकी पदवीधर, सहा एकर संत्र्याचा बगीचा. त्याच्याशी ती अर्धा तास बोलली आणि घरी येऊन म्हणाली, "मले हाच पाहिजे." रविवारी अकोल्याला साखरपुडा, आमच्या भाषेत साक्षगंध, होता.

आमच्याकडे साक्षगंधाआधी मुलाचं शेत-वावर गुपचूप पाहून यायची पद्धत आहे. उघड विचारलं तर त्यांचा अपमान, न पाहता मुलगी दिली तर आपण बावळट.

"पाहाले जानारा मानूस नेमका वळखीचा निंघते अन् बोभाटा होते," शकुनताई म्हणाल्या. "तुह्या डब्यातून म्हने कोसभर दिसते. तू जाय ना वो आरती!"

चार महिन्यांच्या अभ्यासाला इतकं सामाजिक मूल्य येईल असं मला वाटलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

योजना निर्दोष होती. वेष पक्षीनिरीक्षकाचा : टोपी, बारा खिशांचं जाकीट, तिपाई आणि नोंदवही. सकाळी परतवाड्याची बस, तिथून काळीपिवळी जीप. बगीच्यापासून सहाशे मीटरवर, नाल्याच्या काठावर मी तिपाई रोवली. आठवड्यापूर्वीच्या वादळाने झाडांखाली संत्र्यांचा सडा पडला होता. मी पुढच्या ओळीतली झाडं मोजली, नोंदवहीत लिहिली, फोटो काढले. कोणालाही शंका येण्याचं कारण नव्हतं!

अर्ध्या तासाने खुद्द जीवनराव बगीच्यातून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर आले आणि ताठ उभे राहिले. फोटो स्टुडिओत उभं राहावं तसे! मला आनंद झाला. मी झूम पूर्ण ताणला.

त्यांच्या खांद्याला खांदा लावून एक बाई उभी होती! हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. बघता बघता तिने हात वर केला आणि हातातलं संत्रं थेट जीवनरावांच्या तोंडाशी नेलं!

मी सत्तेचाळीस फोटो काढले. ती त्यांना भरवत होती, पुन्हा पुन्हा भरवत होती. त्यांना काही संकोचच नाही! पुरावा पक्का हवा म्हणून घरी येऊन मी फोटोवर पट्टी ठेवली. पाय गवतात लपले होते, म्हणून दोघांच्या डोक्यांची मापं घेतली. जीवनरावांची उंची स्थळाच्या कागदावर होती. त्या प्रमाणात बाईची उंची निघाली चार फूट दीड इंच.

फोटो मी फक्त शकुनताईंना पाठवला. सोबत लिहिलं, 'खात्री होईपर्यंत कोणाला दाखवू नका.' अकरा मिनिटांत तो कुटुंबाच्या ग्रुपवर आला. वच्छलाआत्याने लिहिलं, 'पोट्टा लाजत बी नाई!' पुतण्या नितेशने फोटोवर लाल गोल काढला. धामणगावच्या मामांनी नेहमीप्रमाणे 'शुभ सकाळ' पाठवलं.

आचलचे वडील सूर्यभानदादा यांनी हॉलवाल्याला फोन करून साक्षगंध थांबवलं.

मग आचलचा फोन आला. ती रडत नव्हती, तेच जास्त भीतिदायक होतं.

"काकू, तुह्या मापात चूक तं नाई ना?"

"अर्ध्या इंचाचीसुद्धा नाही," मी म्हणाले.

"मंग त्या चारफुटीले घेऊनच ये म्हनतो मी त्याले!"

तिने खरंच जीवनला फोन केला आणि त्या दिवशी धुऱ्यावर होती त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईला घेऊनच यायला सांगितलं. रविवारी सकाळी अकोल्याला दादांच्या बैठकीत आम्ही सगळे न्यायाधीशांसारखे बसलो. आचल दारात उभी, हाताची घडी घालून. जीवन आला, पाठोपाठ त्याची आई मैनाबाई. आणि त्यांच्यामागून बुटक्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून आत आल्या, त्या हिरव्या लुगड्यातल्या बाई.

वाकून! त्या सरळ झाल्या तेव्हा पाच फूट सहा इंच भरल्या. वय साठीच्या पुढे.

जीवनने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"नमस्कार मॅडम! तुमी इथं कशा? पंचनाम्यात आमचं नाव आलं का?"

"कसला पंचनामा?" दादा गरजले.

"वादळाचा! मॅडम नाल्यावर बसून झाडं मोजून लिहून राहिल्या होत्या ना! नुकसानीच्या फोटोत शेतकरी स्वतः वावरात उभा पाहिजे, म्हनून आख्खं गाव आपापल्या धुऱ्यावर उभं होतं."

हिरव्या लुगड्यातल्या दुर्गाबाई पुढे सरसावल्या. "माहं वावर जीवनच्या मांगं, दोनशे मीटर. मी हात वर करू करू गळलेलं संत्रं दाखोत होती, बाप्पा! खांदा भरून आला. पन मॅडम त्या डब्यातून डोकं काढतीन तवा!"

माझ्या डोक्यात आकडे आपोआप मांडले गेले. जीवन सहाशे मीटरवर, दुर्गाबाई आठशे मीटरवर. दूरची वस्तू त्या प्रमाणात लहान दिसते. सहासष्ट इंचांचे तीन चतुर्थांश, साडेएकोणपन्नास. म्हणजे चार फूट दीड इंच! नखाएवढ्या सेन्सरमुळे दोघंही सारखीच स्वच्छ उमटली होती आणि मधले दोनशे मीटर पार नाहीसे झाले होते.

"माझं उत्तर बरोबर होतं," मी म्हणाले. कोणीही कौतुक केलं नाही.

"काकू," आचल हळूच म्हणाली, "हेच शिकवते ना वो तू बारावीले?"

"पण मी तुम्हाला दिसले कशी?" मी विषय बदलला. "मी तर सहाशे मीटर लांब होते!"

"सपाट वावर, त्यात ते बारा खिशे! जीपमधून उतरल्या तवाच दिसल्या," मैनाबाई हसल्या. "चहा धाडनार होतो. पन जीवन म्हने, नोको आई, सायबाले लाच वाटीन."

आचल इतकी हसली की दाराला टेकून खालीच बसली. दादांनी पुन्हा हॉलवाल्याला फोन लावला.

साक्षगंध त्याच संध्याकाळी झालं. हॉलमध्ये उजेड कमी होता. माझ्या कॅमेऱ्यात नवरानवरी रव्यात घोळल्यासारखी आली. आता दोन्हीकडच्या आणि आमच्याही घरच्या भिंतींवर श्यामरावांच्या मोबाईलचे फोटो लागले आहेत. ते पाहुण्यांना मुद्दाम भिंतीजवळ बसवतात.

असा कॅमेरा घ्यावा का, असं कॉलेजातल्या मैत्रिणी मला विचारतात. मी त्यांना चौदा कॅमेऱ्यांचा तक्ता पाठवते. अगदीच नावं ठेवता येत नाहीत, कारण एक गिऱ्हाईक मिळालं आहे. परवा दुर्गाबाईंचा फोन आला.

"मॅडम, अर्जाले लावाले तुमच्यापाशी माह्या वावरातले फोटो हायेत ना?"

"आहेत की! सत्तेचाळीस!"

"त्यातला एक धाडा. पन त्यातून जीवनले काहाडून टाका बाई. तलाठी इचारते, हा तुमच्या हातचं संत्रं खाऊन राहिला तो कोन?"

सत्तेचाळीसही फोटो तपासले. एकातूनही तो निघत नाही.