घंटेतला लोकरी मोजा

"गुनवोर, माझ्यामागेही रोज संध्याकाळी सहाला घंटा दे. चर्चमध्ये कोणी फिरकलं नाही तरी दे."

देवाघरी जाताना माझे यजमान तोरलाइव एवढंच म्हणाले. अकरा वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. तापानं फणफणतानाही मी दोराला लोंबकळून प्रार्थनेचे तीन-तीन असे नऊ टोले दिलेत!

तर आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठच्या चर्चमध्ये योस्टाइन आला. जॅझमधला तालवादक. ड्रम दोन, पण पातेली, साखळ्या नि वायरी गाडीभर. थोडं लिहिलेलं वाजवायचा, थोडं सुचेल तसं, उरलेलं कॉम्प्युटरकडून घुमवून घ्यायचा. कार्यक्रम पाच ते सव्वासहा, रेडिओवर थेट. शेवटचा भाग जवळजवळ नुसत्या शांततेचा आहे, टाचणीही पडू देऊ नका, असं त्यानं मला काकुळतीनं विनवलं.

"निर्धास्त राहा," मी म्हटलं, "आवाज होणार नाही."

माझा बेत पक्का होता. घंटेच्या लोलकाला फडकं बांधायचं. टोले पडतील, पण मुके. मनोऱ्यात चढले आणि कळलं, फडकं खालीच राहिलं. मग डाव्या पायातला मोजा काढून लोलकाला चढवला. घंटेशेजारी काळं काहीतरी लटकत होतं. वटवाघूळ असेल, म्हणून त्यालाही हळूच शुभ संध्या म्हटलं.

टोले देताना मी रोज यजमानांशी दोन शब्द बोलते. त्या दिवशीही तिथेच वर बोलले, की रविवारी सातच माणसं होती. शेजारच्या आस्लाउगचे वाफल, ते चौकटीचे गोड घावन, पुन्हा करपले, वास इथवर आला. मला विचारतं कोण म्हणा. अकरा वर्षांत मला कॉफीला कोणी बोलावलेलं नाही, हेही सांगून टाकलं.

खाली उतरले, तर अख्खं चर्च माझ्याकडे वळून बघतंय! वटवाघूळ कसलं, वाऱ्याची घूं घूं टिपायला योस्टाइननं टांगलेला माइक होता तो. माझे मुके टोले कर्ण्यांतून व्हेलच्या काळजासारखे धडधडले होते. त्यावर माझं बोलणं, आणि त्याच्या मागोमाग योस्टाइनच्या हातातला तारांचा कुंचला, ड्रमवर अलगद.

कार्यक्रम संपल्यावर मी माफी मागायला गेले. तो डोळे पुसत होता. म्हणाला, "इतकी चांगली साथ मला कोणी दिली नव्हती."

दाराशी आस्लाउग उभी होती. मी मान खाली घातली.

"उद्या साडेसहाला ये," ती म्हणाली. "ताजे करपवते."

"येते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सहाला नऊ टोले दिले, तेही मुकेच. मोजा काही केल्या निघेना. मग कोट चढवला आणि आस्लाउगच्या घराकडे निघाले. डावा पाय तेवढा गारठला होता.