धोंड्याच्या महिन्यातली उसण

स्टेटस लपवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या बुलढाण्यात सापडायचा नाही! कोणाला काय दिसू द्यायचं आणि कोणाला नाही, सगळं माझ्या बोटांवर. बायकोच्या माहेरचे तर एकजात वगळलेले. सासरे, दोन्ही मेव्हणे, चुलत सासरे, इतकंच काय, त्यांच्या गावचा केस कापणारा भागवतसुद्धा!

"अन् आईले?" रुपालीने एकदा विचारलं होतं.

"तुह्या आईले?" मी पोट धरून हसलो. "अवं, फोन वाजला का त्या आधी पदर सावरतात! त्या काय स्टेटस पाहणार?"

सासूबाईंचा फोन म्हणजे रुपालीचाच जुना. नातीचं, म्हणजे आमच्या छकुलीचं तोंड दिसावं म्हणून मीच तो मोठ्या मनाने त्यांना दिला होता. केवढं ते औदार्य!

मागच्या महिन्यात सासऱ्यांचा संग्रामपूरहून फोन आला. "जावाईबापू, कांदा चाळीत भराचा हाये. दोन दिवस या. काही करू नका, नुसतं मजुरायवर ध्यान ठेवा."

त्या उन्हात? मी तिथल्या तिथे कण्हायला लागलो. "येणारच होतो मामा, पण पाठीत उसण भरली ना! वाकता येऊन नाही राह्यलं!"

आणि त्याच संध्याकाळी दुसरबीडला, मित्राच्या, ज्ञानेश्वरच्या वरातीत, दातात रुमाल धरून मी भर रस्त्यात नागीण केली! लोळून, बरं का! व्हिडिओ लगेच स्टेटसला. सासुरवाडीतून कोणी चकार शब्द बोललं नाही. बोलणार कसे? दिसलं तर बोलतील ना!

मग अधिक महिना लागला. तीन वर्षांतून एकदा येणारा, जावई झाल्याचं सार्थक करणारा महिना! सासूबाईंच्या हातचे धोंडे म्हणजे काय सांगू! आत गच्च पुरण, वरून तूप. गेल्या अधिकापासून मी त्या धोंड्यांसाठी झुरत होतो. आमंत्रण आलं तसं जायच्या आदल्या दिवशीचं जेवणही सोडलं.

सासुरवाडीच्या अंगणात पाऊल टाकलं आणि बघतो तर काय! कांद्याचा अर्धा ढीग अजून तसाच पडलेला!

"पाठ कशी हाये आता?" सासूबाईंनी मायेनं विचारलं.

ढिगाकडे बघत मी म्हणालो, "जराशी धरते अजून, मामी."

"अरे बापा!" त्यांनी ताबडतोब मला पालथं झोपवलं आणि फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट पाठीवर ठेवली. बाहेर डांबर वितळतंय आणि पाठीवर वीट! मी ओरडलो. सासरे म्हणाले, "लागू पडून राह्यलं वाट्टे!" आणि दुसरी वीट आली.

धोंड्यांसाठी तेही सोसलं. शेवटी पानं वाढली. सासऱ्यांच्या ताटात धोंडे. रुपालीच्या ताटात धोंडे. छकुलीच्या ताटात धोंडे. माझ्या ताटात मुगाची खिचडी! बिनतुपाची!

"मामी... धोंडे?"

"पुरण वातूळ असते, बापू. उसणीले लय वाईट! मी काय जावायाच्या जिवाशी खेळू?"

"जावायाचा वाटा वाया नाही जाऊ द्याचा," म्हणत सासऱ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत आणखी दोन उचलले.

माझं टाळकंच सरकलं! सगळ्यांची नजर चुकवून फोन धरला, खिचडीचा फोटो काढला आणि स्टेटस टाकलं: 'धोंड्याला बोलावून खिचडी! जावई आहे की कैदी?' कोणी पाहिलं ते बघायला लागलो. पहिलंच नाव आलं.

सासूबाई!

मी मान वर केली. सासूबाई स्वयंपाकघरात चष्मा लावून, फोन हातभर लांब धरून बसल्या होत्या. पदर सावरून!

म्हणजे दुसरबीडची नागीण? तो रुमाल? आणि त्यांनी दिवाळीला दिलेल्या शर्टाने मी गाडी पुसत होतो, तो फोटो? देवा!

"तुही आई स्टेटस पाहते?" मी रुपालीच्या कानात किंचाळलो.

"रोज! पूजा झाली का पहिले तुमचंच."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमीच त म्हणे, त्या काय पाहणार!"

तेवढ्यात सासूबाईंच्या नावाभोवती हिरवं कडं उमटलं. त्यांचं स्टेटस! लगेच उघडलं. धोंड्यांनी भरलेली दुरडी आणि मागून त्यांचा गोड आवाज: "हे धोंडे नाचणाऱ्या जावायाचे. उसणवाल्याले खिचडी!"

आणि लगेच आतून हाक आली, "पाह्यलं वाट्टे जावाईबापू! नाव आलं तुमचं इथं!"

मी उठलो. "मामा, वीट लागू पडली! उसण गेली! टोपलं कुठं हाये?"

दुरडी डोळ्यांसमोर ठेवून मी संध्याकाळपर्यंत कांदा वाहिला. ढीग संपला. शेवटचं टोपलं उचलायला वाकलो आणि पाठीत कट्कन वाजलं. वर येताच येईना! तसाच काटकोनात चालत पानावर जाऊन बसलो.

सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. यावेळी त्यांना माझी उसण शंभर टक्के खरी वाटली.

खिचडी वाढली.

याचं स्टेटस मी ठेवलं नाही. त्यांनी ठेवलं. आणि त्यांनी कोणालाही वगळलं नव्हतं!